आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचा, अख्खा हंगाम मुंबईतून कसा बघावा

आधी एक वही घ्या. दोनशे पानी, आडव्या रेघांची, जूनमध्ये पोरांसाठी घेतो तीच. नोंदी मोबाइलमध्ये ठेवू नका. मॅच चालू असताना मोबाइल हातात आला की मेसेज येतात, व्हिडिओ काढावासा वाटतो आणि तेवढ्यात समोर कुणी कुणाच्या पायातून बॉल काढला ते निसटतं. वहीत काय लिहायचं ते पुढे सांगते.

मी अंधेरीत एका कंपनीत हिशेब बघते, राहायला गोरेगावला. माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना एवढ्यावरून पुढचं कळलं असेल. तिथं संघ निवडायचा प्रश्नच येत नाही. तुमची पेठ, तुमची तालीम तोच तुमचा संघ. आमचं शिवाजी तरुण मंडळ, समोर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की घरातल्या बायकासुद्धा भाजी निवडता निवडता गुणांची बेरीज सांगायच्या. कुणाच्या किती मॅच बाकी, कुणाला बरोबरी चालेल, कुणाला जिंकावंच लागेल, हे पोराटोरांना तोंडपाठ.

मुंबईत मॅच बघणारे पुष्कळ आहेत, लीग बघणारे थोडे. मोठा संघ आला की स्टेडियम भरतं, एरवी रिकाम्या खुर्च्या दिसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लीगची खरी गोडी महिनोन्‌महिने हळूहळू चढत जाते. एखाद्या मॅचला येऊन ती हाती लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

संघ एकच धरा

मुंबईत राहत असाल तर मुंबई सिटी. आयएसएल २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली तेव्हापासून हा संघ आहे. पहिले दोन हंगाम घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं, २०१६ पासून अंधेरीचं क्रीडा संकुल. आनेल्का इथं खेळला, फोर्लान खेळला, पण पहिला चषक यायला २०२१ उजाडलं. त्याआधीही मुंबईत देशातला अव्वल फुटबॉल होताच. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती, आणि कूपरेजच्या मैदानाला रोव्हर्स कपचा इतिहास आहे. तो कप १८९१ मध्ये सुरू झाला. तेव्हा मुंबईत फुटबॉल नवा आहे असं कुणी म्हणालं तर सोडू नका.

तुमचं मन केरळकडे किंवा कोलकात्याकडे असेल तर तो संघ धरा, हरकत नाही. पण धरलेला संघ हंगाम संपेपर्यंत सोडायचा नाही. सलग तीन मॅच हरला तरी नाही. लीगमध्ये तीन पराभवांनंतर संघ काय करतो, हेच बघण्यासारखं असतं.

संघाबरोबर एक खेळाडूही धरा, आणि शक्यतो गोल करणारा नको. डिफेंडर धरा. मी बरीच वर्षं राहुल भेकेवर नजर ठेवली. मुंबईचा मुलगा, बॅकला खेळणारा, वर्तमानपत्रात नाव क्वचितच यायचं. पण २०१९ ची फायनल आपल्या अंधेरीच्या मैदानावर झाली, बेंगळुरू आणि गोवा, आणि जादा वेळेत कॉर्नरवर डोकं लावून एकमेव गोल केला तो भेकेनं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, भारतीय क्लबचा तो पहिला विजय. त्यातला दुसरा गोलही याच्याच हेडरचा. २०२४ चा चषक मुंबईनं उचलला तेव्हा कॅप्टन हाच. पुढे तो बेंगळुरूला गेला. डिफेंडर वर्षभर बघितला की तो कॉर्नरला पुढे कधी जातो, कुठून पळत येतो, हे तुम्हाला आधीच दिसायला लागतं. मग गोल झाला की शेजारचे चकित होतात, तुम्ही होत नाही.

गुणतालिका वाचायची रीत

जिंकलं तर तीन, बरोबरीला एक, हरलं तर शून्य, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आयएसएलमध्ये सगळ्यांच्या मॅच सारख्या चालत नाहीत. एकाच्या अकरा झालेल्या असतात, दुसऱ्याच्या नऊ. म्हणून वर-खालचा क्रमांक बघून निष्कर्ष काढू नका. गुण भागिले सामने करा. हिशेबाचं काम करते म्हणून सांगत नाही, हा भागाकार पाचवीतल्या मुलालाही येतो, आणि सगळा हंगाम त्यातून उलगडतो.

साखळीत पहिला येणाऱ्याला लीग शील्ड मिळते. २०२०-२१ मध्ये शील्ड ४० गुणांवर गेली, २० सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे बरोबर दोन. २०२२-२३ मध्ये मुंबईनं २० सामन्यांत ४६ केले, २.३. २०२३-२४ मध्ये मोहन बागाननं २२ सामन्यांत ४८, जवळपास २.२. २०२४-२५ मध्ये पुन्हा मोहन बागान, २४ सामन्यांत ५६, २.३ च्या वर. म्हणजे सामन्यामागे दोनाच्या खाली घसरलेल्या संघाची शील्डची आशा धरू नका. खालची रेघही अशीच काढता येते. प्ले-ऑफसाठी, म्हणजे साखळीनंतर चषकासाठी होणाऱ्या बाद फेरीसाठी, सहावा क्रमांक लागायचा. २०२३-२४ मध्ये चेन्नईयिन २२ सामन्यांत २७ गुणांवर सहावा आला, पुढच्या वर्षी मुंबईला सहाव्यासाठी २४ सामन्यांत ३६ लागले. सव्वा ते दीड, एवढा पट्टा लक्षात ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर दोन रेघा मारा, वर दोन, खाली दीड, आणि दर महिन्याला आपला संघ कुठे आहे ती खूण करा.

आता बरोबरी. नवखा माणूस बरोबरीला ‘एक गुण मिळाला’ म्हणतो. वर राहायचं असेल तर त्या दिवशी दोन गुण गेले असं लिहायचं. २०२४-२५ मध्ये मुंबई फक्त सहा सामने हरली, पण नऊ बरोबरीत सोडले. नऊ विजय, नऊ बरोबऱ्या, सहा पराभव, ३६ गुण, सहावा क्रमांक. तिसरा, चौथा आणि पाचवा, तिघेही ३८ वर होते. नऊपैकी एक बरोबरी विजयात बदलली असती तर मुंबईही ३८ वर त्यांच्या पंगतीत बसली असती. ही गोष्ट मार्चमध्ये कळून उपयोग नाही. डिसेंबरातल्या कुठल्यातरी बुधवारी ८५व्या मिनिटाला बरोबरीचा गोल बसतो तेव्हाच ती वहीत लाल शाईनं लिहिलेली पाहिजे.

गुण सारखे झाले तर आयएसएलमध्ये आधी त्या दोन संघांचे आपापसातले सामने बघतात, गोलफरक नंतर. हे न समजता बसलात तर शेवटचा आठवडा अर्धाच कळेल. २८ फेब्रुवारी २०२१ ला साखळीची शेवटची मॅच होती. करोनामुळे सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये चालला होता. एटीके मोहन बागान ४० वर, मुंबई ३७ वर. मुंबईनं २-० जिंकली, दोघेही ४० वर आले. पहिली मॅचही मुंबईनं १-० घेतलेली होती, त्यामुळे शील्ड मुंबईकडे. जानेवारीतल्या त्या एका गोलाचं वजन फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी कळलं. म्हणून वरच्या स्पर्धकांविरुद्धच्या मॅचचं पान वहीत वेगळं ठेवा, कोपरा दुमडून.

मैदानावरच्या भारतीयांची संख्या

मॅच बघताना परदेशी खेळाडू मोजायची सवय लावा. एका वेळी चारच चालतात आणि किमान सात भारतीय मैदानावर पाहिजेतच. हा नियम कागदावर साधा वाटतो, पण ८ मार्च २०२४ ला जमशेदपूरमध्ये काय झालं बघा. जमशेदपूर आणि मुंबई, १-१. सामन्यात जमशेदपूरचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला, आणि बदल्यांच्या गडबडीत त्यांचे मैदानावर सहाच भारतीय उरले. मुंबईनं तक्रार केली, महासंघाच्या शिस्तपालन समितीनं निकाल फिरवला आणि मुंबईला ३-० असा विजय दिला. एक गुणाचे तीन झाले.

त्याच हंगामाचा शेवट आठवा. १५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. मुंबई ४७, मोहन बागान ४५. मुंबईला नुसती बरोबरी पुरत होती. जमशेदपूरचे ते दोन वाढीव गुण नसते तर दोघेही ४५ वर असते. मुंबई २-१ हरली, शील्ड एका गुणानं गेली. पण ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध फायनल झाली आणि मुंबईनं ३-१ जिंकून चषक आणला. तीन आठवड्यांत एवढी उलथापालथ. नुसती फायनल बघितली असती तर एक चांगली मॅच बघितली एवढंच झालं असतं. ज्यानं मार्चपासून बेरजा मांडल्या होत्या त्याला त्या तीन गोलांचं मोल कळलं.

पिवळी कार्डही लिहित जा. चार झाली की एक मॅच बाहेर. कॅप्टनला तीन असतील आणि पुढच्या आठवड्यात मोठी मॅच असेल, तर या आठवड्यात तो पाय घालताना कचरतो. हे टीव्हीवर कुणी सांगितलं नाही तरी दिसतं.

अंधेरीला जाताना

स्टेडियम म्हणजे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, वीरा देसाई रोड, अंधेरी पश्चिम. लोकलनं अंधेरीला उतरा, पुलावरूनच मेट्रोत चढा, पुढचंच स्टेशन आझादनगर. तिथून चालत. रिक्षाच्या नादी लागू नका, मॅचच्या दिवशी जे. पी. रोडवर रिक्षा उभीच राहते.

मॅच बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसातची असते. ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन यायचा विचार करू नका, थेट या. संपायला सव्वानऊ-साडेनऊ होतात, तेव्हा येतानाच काहीतरी खाऊन घ्या. पाण्याची बाटली, पॉवर बँक, सुट्टी नाणी गेटवर बहुधा काढून घेतात, मोठी पर्स तर आणूच नका. बायकांसाठी सांगते: मी कितीतरी वेळा एकटी गेले आहे, मेट्रोपर्यंत परतणारी गर्दी असते, तिच्याबरोबर चालायचं. टॉयलेटला हाफटाइमला जाऊ नका, रांग लागते. चाळिसाव्या मिनिटाला जा.

बसायचं कुठं? आरडाओरडा, ढोल, गाणी हवी असतील तर वेस्ट ब्लॉक ब्लूज या मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या गटाशेजारी जागा घ्या. नव्वद मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा. ती पोरं संघ हरत असतानाही गातात, मला त्यांचं फार कौतुक आहे. पण खेळ शिकायचा असेल तर मधोमध, जितकं वर मिळेल तितकं बसा. स्टेडियम लहान आहे, सातेक हजारांचं, त्यामुळे वरून मैदान नकाशासारखं दिसतं आणि तरी गोलकीपर बॅकला काय ओरडतोय तेही ऐकू येतं. हे सुख मोठ्या स्टेडियममध्ये नाही.

पहिली पंधरा मिनिटं बॉल बघू नका

माझ्या बहिणीचा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा दहा मिनिटांत कंटाळला. म्हणाला, “मावशी, हे नुसते मागच्या मागे पास देतायत.” मी त्याला म्हटलं, आता गोलकिक झाली की बॉलकडे बघू नकोस, मुंबईचे दोन सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, कुठं उभे राहतात ते बघ.

तुम्हीही हेच करा. २०१९ पासून नियम बदलला, गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जायची गरज उरली नाही. त्यामुळे दोन्ही सेंटर बॅक बॉक्सच्या आत, गोलकीपरच्या डाव्या-उजव्या हाताला येऊन उभे राहू लागले. आता समोरच्या संघाचे फॉरवर्ड बघा. ते बॉक्सच्या कडेपर्यंत चालून आले तर आज ते बॉल काढायला अंगावर येऊन दाबणार आहेत. मग मिडफिल्डमधला एकजण पाठ समोरच्या गोलकडे करून खाली येतो, खांद्यावरून मागे बघतो, एकदा, पुन्हा एकदा. बॉल त्याच्या पायात येऊन पहिल्याच स्पर्शात फिरला तर समोरचे तीन माणसं मागे पडली आणि पुढे मोकळं रान. नाही फिरला तर चूक आपल्याच गोलसमोर. म्हणजे ज्याला पोरगं ‘मागच्या मागे’ म्हणालं होतं, तिथंच सगळी जोखीम होती. त्यानंतर तो गोलकिकला खुर्चीच्या टोकावर यायचा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे विंगरचा, कडेनं खेळणाऱ्याचा, पाय. मुंबईचा छांगटे उजवीकडे खेळतो, पण तो डावखुरा. बाहेरून क्रॉस टाकण्यापेक्षा आत वळून मारणं त्याच्या पायाला सोपं. तो आत वळला की बाहेरची पट्टी मोकळी होते, तिथून आपला राइट बॅक धावतो की नाही ते बघा. समोरच्या कोचनं त्याच्यावर दोघं लावले तर दुसऱ्या बाजूला कोण सुटलाय ते शोधा. शोधता आलं की तुम्ही निम्मा फुटबॉल शिकलात.

वहीचं पान

एका मॅचला एकच पान. वर तारीख, कुणाशी, घरी की बाहेर. त्याखाली पंधराव्या मिनिटाला संघ कसा उभा आहे त्याचं चित्र, नुसते ठिपके आणि नावाचं पहिलं अक्षर. टीव्हीवर मॅचआधी दाखवतात ती मांडणी उतरवू नका, खेळ सुरू झाल्यावर ती हमखास बदलते. मग बदल्यांची मिनिटं. पाच बदल्या मिळतात, पण त्या तीनच थांब्यांत कराव्या लागतात, त्यामुळे कोच साठाव्या मिनिटाला एकदम दोघांना उतरवतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. खाली निकाल, एकूण गुण, सामन्यामागचे गुण.

उजवीकडे चार बोटं समास सोडा. तिथं एकच वाक्य, घरी पोचायच्या आत लिहिलेलं. मी परतीच्या लोकलमध्ये लिहिते. “७०व्या मिनिटानंतर लेफ्ट बॅक परत येत नाही, दमतोय.” असं वाक्य तीन पानांवर दिसलं आणि चौथ्या मॅचला त्याच बाजूनं गोल बसला, की वहीचा उपयोग कळतो.

बाहेरगावच्या मॅच टीव्हीवर किंवा मोबाइलवर बघाव्या लागतात. कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो, त्यामुळे मांडणी दिसत नाही. तिथं चित्र काढायचा हट्ट धरू नका, कार्ड, बदल्या आणि समासातलं वाक्य पुरे.

हंगामाचा मधला काळ

डिसेंबर-जानेवारीत उत्साह ओसरतो. तळातल्या संघाशी मॅच असते, स्टेडियम निम्मं रिकामं. हीच मॅच चुकवू नका. २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून खाली कुणी घसरत नव्हतं, त्यामुळे तळातल्या संघाकडे गमावण्यासारखं काही नसतं आणि त्यांचा कोच विशीतल्या पोरांना उतरवतो. दोन-तीन वर्षांनी जे नाव सगळ्यांच्या तोंडी असेल ते इथं पहिल्यांदा दिसतं. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे याच लीगमध्ये आला. अशा पोरांची नावं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

हंगामाची लांबी गृहीत धरू नका. जुलै २०२५ मध्ये लीग चालवायच्या हक्कांच्या करारावरून लीग अडकली आणि खेळाडू महिनोन्‌महिने मॅचविना बसून राहिले. त्या काळात मला रोज पोटात तुटायचं. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये १४ संघांची लीग सुरू झाली, पण प्रत्येकाशी एकदाच, एकूण ९१ सामने. अशा हंगामात संघाला तेराच मॅच मिळतात. परतीची मॅच नसते, म्हणजे घरी हरलेले गुण तिथं जाऊन वसूल करता येत नाहीत. तेव्हा सुरुवातीच्या चार मॅचना नेहमीच्या आठ मॅचइतकं वजन द्या.

शील्ड वेगळी, चषक वेगळा

पूर्ण लांबीच्या हंगामात दोन बक्षिसं असतात, आणि नवीन लोकांचा गोंधळ इथंच होतो. २०२२-२३ पासूनची रीत अशी: साखळीतले पहिले दोन थेट सेमीफायनलला, तिसरा ते सहावा एकेक मॅच खेळून वर, सेमीफायनल दोन लेगची, म्हणजे एक मॅच घरी आणि एक बाहेर, मग फायनल. त्याच २०२२-२३ मध्ये मुंबई सलग १८ मॅच हरली नव्हती, गोव्याला ५-३ हरवून दोन मॅच राखून शील्ड घेतली. आणि सेमीफायनलला बेंगळुरूकडून पेनल्टीवर ८-९ अशी हरली. चषक नाही मिळाला म्हणून त्या हंगामाला अपयशी म्हणणाऱ्यांशी मी अजून भांडते. वीस मॅचची मेहनत शील्डमध्ये दिसते. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मत देण्याआधी दोन्हीचं पान लिहिलेलं असू द्या.

हंगाम संपला की वही कपाटात टाकू नका. शेवटच्या पानावरची पोरांची नावं घ्या आणि कोण कुठल्या संघात गेलं ते उन्हाळ्यात लिहून काढा. फुटबॉलशिवाय राहवत नसेल तर वांद्र्याला नेव्हिल डिसूझा मैदानावर जा, मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने तिथं होतात. हा नेव्हिल डिसूझा म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारा आपला फॉरवर्ड. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सामना सुरू व्हायच्या थोडं आधी पोचा, टचलाइनच्या जवळ उभं राहायला जागा मिळते, आणि वही बरोबर घ्या. तिथल्या पोरांची मांडणी काढायला टीव्हीची मदत मिळणार नाही, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहावं लागेल.